रुखवतातली नदी

आरमोरी, ३१ मार्च १९८५, रविवार

शाळेच्या जुन्या हजेरीपटातली कोरी पानं गुरुजींनी मला दिली होती, चुलीला कामी येतील म्हणून. मी ती शिवून ठेवली. आज त्यावर लिहायला बसले आहे, कारण जे झालं ते सांगायला घरात कोणी नाही.

गुरुजी म्हणजे माझे मालक, देवराव. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. दोन वर्षांपूर्वी मी गोंडपिपरीहून या घरात आले. माझा पहिला घरधनी तापानं गेला होता, मूलबाळ नव्हतं. गुरुजींची पहिली बायको कमलाबाई, ती जाऊनही तेव्हा चार वर्षं झाली होती. तिची मुलगी कांता. कांता गडचिरोलीला डी.एड. करते, शनिवारच्या एस.टी.नं येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. मला बाई म्हणते. कधी वाकडं बोलली नाही, पण सरळही फार बोलली नाही.

आज चामोर्शीचे पाहुणे आले आणि लग्न पक्कं झालं. १९ मे. मुलगा कृषी खात्यात आहे. त्यानं कांताला एवढंच विचारलं, "नोकरी करनार ना?" ती हो म्हणाली. तो म्हणाला, "बरं आहे." मला मुलगा आवडला.

मी चहा घेऊन आत शिरले तेव्हा मुलाची आई, आशाबाई, गुरुजींना म्हणत होती, "बाकी सारं ठीक आहे गुरुजी. पन रुखवत कोन करन? पोरीले माय नाई."

गुरुजी खाली बघत राहिले. कांताही बघत राहिली. आशाबाई बोलली त्याचं मला फारसं वाटलं नाही, नव्या माणसाला काय माहीत. पण खोलीतलं एकही माणूस काही बोललं नाही. मग मीच म्हणाले, "मी करीन."

"तुमी?" आशाबाई म्हणाली आणि तिनं कप उचलला.

लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते. बोलताना येत नाही, नाहीतर आणखीही काही बोलले असते.

७ एप्रिल, रविवार

शेजारच्या शकुबाईला विचारलं, रुखवतात काय काय करायचं. ती म्हणाली, "बंगला कर, मोटार कर, विहार कर. सारे तेच करतेत. बिस्किटाच्या भिंती, बत्ताशाचं छप्पर. दोन दिसाचं काम आहे."

कांता काल आली. जेवताना पुस्तक, उंबऱ्यावर पुस्तक, केस वाळवतानाही पुस्तक. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "रुखवतात काय करू? तुले काय आवडते?"

"तुमाले जमन ते करा बाई. मले काई नाई पायजे."

"त्या पुस्तकात काय आहे?"

"सांगन्यासारखं नाई. वाचा लागते." मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमी वाचता?"

"सातवी पास आहो मी."

ती हसली नाही. पान उलटून पुढं वाचू लागली.

तिला आवडणारी एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे पुस्तक. मग पुस्तकांचंच रुखवत का करू नये? कणकेची, तांदळाची, साखरेची पुस्तकं. आणि त्या पुस्तकांच्या आत जे आहे तेही. पण आत काय आहे हे मला कुठं माहीत आहे?

खरं लिहायचं तर हे सगळं कांतासाठीच करते आहे असं नाही. आशाबाईला दाखवायचं आहे, तेही आहे.

१० एप्रिल

कांताची पुस्तकं पत्र्याच्या पेटीत असतात. गुरुजींना विचारलं, ती पेटी उघडू का? ते चप्पल घालत होते. म्हणाले, "पेटीले कुलूप नाई," आणि शाळेत गेले.

पेटीत चाळीसेक पुस्तकं निघाली. पहिलं उघडलं तर आत नाव कमलाचं. दुसरं उघडलं, तेही कमलाचं. जवळजवळ सगळीच तिची. दोन वर्षं मी या घरात आहे, भिंतीवरच्या तिच्या फोटोवरची धूळ रोज पुसते, पण ती वाचायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोटोत ती नुसती बसलेली आहे.

मला थोडं वाईट वाटलं. मरून गेलेल्या बाईचा हेवा कसा करायचा, पण वाटलं.

एक पुस्तक काढून घेतलं. दुपारी अंगणात पापड वाळत घालून कावळे हाकत वाचत बसले. ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. दोन पानं झाली तेवढ्यात पापड उलटायची वेळ झाली.

१५ एप्रिल

काल जयंती होती. मिरवणूक, जेवणं, घरात पाहुणे. कांता दोन दिवस होती, आज सकाळी गेली.

ती गेल्यावर पेटी उघडली. जे पुस्तक मी अर्धवट ठेवलं होतं ते जड भाषेचं होतं, पुढं जातच नव्हतं. आज ते खाली गेलेलं दिसलं. वर एक पातळ पुस्तक होतं, मोठ्या अक्षरांचं, मुलांच्या गोष्टींचं. मागच्या वेळी ते कुठंतरी तळाशी होतं. कांतानं काही शोधताना उलथापालथ केली असेल. मला बरं झालं. दोन दिवसांत संपेल असं वाटतं.

१९ एप्रिल

पातळ पुस्तक संपलं. जन्मात पहिल्यांदा पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. त्यात एक म्हातारी मोहाच्या झाडाखाली शाळा भरवते आणि मोहफुलं मोजून मुलांना गणित शिकवते. शेवटी झाड पडतं आणि मुलं त्याच्या बुंध्यावर बसून शिकतात. मला ती म्हातारी ओळखीची वाटली.

आता करायचं काम. शंकरपाळ्याची कणीक लाटून पुस्तकाचे पुठ्ठे कापले आणि मंद आचेवर तळले. आतली पानं तांदळाच्या सालपापड्यांची. पहिल्यांदा केली ती उन्हात गुंडाळून बिडीसारखी झाली. दुसऱ्यांदा वर कापड घालून पाट ठेवला, तर घामेजली आणि चिकटली. तिसऱ्यांदा सावलीत अर्धी वाळवून मग उन्हात नेली, तेव्हा पानासारखी पातळ आणि सरळ राहिली. गूळ काळा होईपर्यंत आटवला आणि बाभळीच्या काट्यानं त्यावर ओळी काढल्या. पळसाची वाळलेली फुलं होती, ती उकळून एका पुठ्ठ्याला केशरी रंग दिला.

शकुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "पुस्तक कोन खाते वं अंजना? बंगला कर."

"बंगला तरी कोन खाते?"

"बंगला खात नाई, पाह्यते. अन् पाहून म्हनते, का यायच्या घरी बंगला आहे."

पण मग पदर खोचून तिनंच माझ्या पुढ्यातली कणीक ओढून घेतली आणि मळू लागली.

२८ एप्रिल, रविवार

मोहाचं झाड झालं. बुंध्याला सरगुंडे. ओल्या कणकेची दोरी काडीभोवती गुंडाळून वाळवली आणि एकावर एक रचली. वर कुरडयांचा पिसारा, आणि खाली खरी मोहफुलं पसरली. म्हातारी उकडीची केली.

कांता काल आली तेव्हा झाड ओसरीवर झाकून ठेवलं होतं. आज सकाळी मी विहिरीवरून आले तर तिनं झाकण काढलं होतं आणि उभी होती. मी घागर घेऊन तिथंच थांबले. ती झाडाभोवती वाकून फिरली.

मग म्हणाली, "मोठी फांदी डावीकडं आहे, पुस्तकातल्या चित्रात."

"मले उजवीकडं वाटली."

"डावीकडं आहे. माय तिच्यावरच बोट ठेवायची."

एवढं बोलून ती आत गेली. मी फांदी काढून डावीकडं लावली. दुपारी तिनं विचारलं, "बाई, तुमाले चस्मा नाई का लागत? एवढे डोळे बारीक करून वाचता." मी म्हटलं, "तुले कसं माहीत मी वाचतो?" ती म्हणाली, "असंच."

बहुतेक शकुबाईनं सांगितलं असेल.

३० एप्रिल

आतापर्यंत सात पुस्तकं झाली, तीन मी पूर्ण वाचली. पण रुखवताच्या मध्यभागी एक मोठी वस्तू पाहिजे, सगळ्यांनी थांबून बघावी अशी. पेटी पूर्ण रिकामी केली. अगदी तळाशी, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधलेलं एक जाड पुस्तक निघालं. वरचं पान फाटलेलं, नावही नाही. इतकं जपून ठेवलं म्हणजे कांताचं सगळ्यात आवडतं हेच असणार. बाकी पुस्तकं दर आठवड्याला वरखाली होतात, हे मात्र कधी हललं नाही. नव्या घरी नेण्यासाठीच ठेवलं असेल.

आज सुरुवात केली. नदीकाठी एक नावाडी आणि त्याची मुलगी राहतात. आई नाही. आमच्या वैनगंगेवर असतो तसलाच त्यांचा डोंगा, खोड कोरून केलेली होडी.

३ मे

दुसरं काही सुचत नाही. वरण करपलं. गुरुजींनी तसंच खाऊन घेतलं.

नावाडी पुराच्या दिवशी पलीकडच्या गावातल्या आजारी बाईसाठी औषध घेऊन निघतो आणि परत येत नाही. मुलगी वाट बघते. गावातले सगळे सांगतात, तो गेला. ती ऐकत नाही. शेवटी पूर ओसरायच्या आधीच दुसरा जुना डोंगा घेऊन एकटी पाण्यात उतरते.

इथं पानाचा कोपरा दुमडलेला आहे. इथपर्यंतची पानं हाताळून मऊ झालेली, कुठं तेलाचा डाग, कुठं हळदीचा. त्याच्या पुढची कडक, न हाताळलेली. शेवटची काही तर वरच्या बाजूनं जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहिली असतील. कांतानं पुढचं दुसऱ्या कोणत्या प्रतीतून वाचलं असावं. मी भाजीची सुरी धुऊन, पुसून, एकेक पान सोडवलं. आवाज मोठा छान येतो.

ती मुलगी पैलतीराला पोचते. बाप सापडत नाही. पण तिथं काठावर लोक उभे असतात, त्यांना अलीकडे यायचं असतं आणि नावाडी नसतो. ती त्यांना घेऊन येते. मग परत जाते. शेवटच्या पानावर ती पैलतीरावर झोपडी बांधते आणि अंधार पडला की कंदील लावते, कोणाला हाक मारायची असेल तर दिसावं म्हणून.

मी रडले. माझा माणूस गेला तेव्हा मी असं काही केलं नाही. नुसती भावाच्या घरी एका कोपऱ्यात बसून राहिले.

मध्ये काय ठेवायचं ते ठरलं.

९ मे

गोकर्णीची फुलं भिजवून निळं पाणी काढलं आणि त्यात रवा भिजवून शेवया वळल्या. निळ्या आणि पांढऱ्या शेजारी शेजारी पसरल्या की पाणी वाहतं आहे असं दिसतं. नदी परातीएवढी झाली. डोंगा शंकरपाळ्याच्या गोड कणकेचा. अलीकडचा काठ चिवड्याचा, पलीकडचा भाजलेल्या तिळाचा. तांदळाच्या उकडीची मुलगी केली आणि तिला पैलतीरावर उभी केली, झोपडीच्या दारात, हातात कंदील. कंदिलाला एक चारोळी लावली. मुलीचं तोंड चार वेळा मोडलं. पाचव्यांदा तिनं माझ्याकडे बघितल्यासारखं वाटलं, मग हात लावला नाही.

शकुबाईनं आज बंगल्याचं नाव काढलं नाही. खूप वेळ परातीपाशी बसली. "हे कोन पोरगी?" म्हणाली. मी गोष्ट सांगितली.

कांता परवा येणार, आता लग्नापर्यंत इथंच. तिला हेच पहिल्यांदा दाखवणार आहे.

११ मे, शनिवार

आज जे झालं ते लिहिते.

कांता आली, हातपाय धुतले, चहा घेतला. मी तिला मधल्या खोलीत नेलं आणि परातीवरचं पातळ काढलं. ती आधी ओळखीचं काही दिसल्यासारखी वाकली. डोंगा बघितला, पाणी बघितलं. मग पैलतीराकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

"ती पोचते ना, शेवटी. झोपडी बांधते."

"असं नाई पुस्तकात."

"आहे, कांता. शेवटच्या पानावर आहे."

"ते पुस्तक तुमी काढलं?"

"पानं जोडली होती. मी सुरीनं सोडवली, एकही फाटलं नाई."

ती खाली बसली. भिंतीला टेकली आणि पायाची बोटं धरून बसली. मी जवळ जायला लागले तर हात आडवा केला.

"कोन सांगतलं होतं तुमाले?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "साऱ्या पेटीतले वाचाचे होते. मी एकेक वर काढून देऊनच तर राह्यली होती. तेवढंच एक काऊन काढलं?"

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

गुरुजी आल्यावर त्यांना सांगितलं. ते टोपी काढून खाटेवर बसले. मग म्हणाले, "ते पुस्तक कमला तिले वाचून दाखवत होती. आधी घरी, मंग आजारी पडली तं दवाखान्यात. रोज थोडं थोडं. एक दिवस पान दुमडून ठेवलं, म्हने उद्या वाचू. कांतानं मंग कधी उघडलं नाई."

"तुमी मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं नव्हतं, तू तितपर्यंत पोचशील."

१२ मे

कांतानं आज आतल्या खोलीतच जेवण केलं.

सहा वर्षं ती मुलगी कांतासाठी डोंग्यातच होती, मधल्या पाण्यात. मी तिला न विचारता काठाला लावलं. तेही उकडीची करून, लोकांना दाखवायला.

शकुबाई म्हणाली, "टाक कोंबड्यायले अन् मोकळी हो. अजून आठ दिस आहेत, बंगला होते." मी परातीपाशी गेले. मुलीला उचलायला हात घातला. बाकी सगळं मोडता आलं असतं, नदीसुद्धा. पण तिला तिथून काढली तर ठेवायची कुठं? परत पाण्यात? मी पातळ झाकून बाहेर आले.

१५ मे

चामोर्शीहून निरोप आला. आशाबाईनं सांगितलं आहे की रुखवताची काळजी करू नका, आमच्या बाया नागपूरहून तयार आणून मांडतील, चारचौघांत पोरीला कमीपणा नको. गुरुजी निरोप आणणाऱ्याला म्हणाले, "बरं होईल."

मी स्वयंपाकघरात होते. कांता दारातच होती, तिनंही ऐकलं. ती चुलीपाशी येऊन भाकरी उलटायला बसली. लग्नाच्या मुलीनं आता चुलीपाशी बसू नये, हे मी सांगितलं, तरी उठली नाही. भाकऱ्या संपेपर्यंत बसली.

१८ मे, शनिवार

आज हळद होती.

मांडवात बायका जमल्या, गाणी झाली, हळद लागली. दुपारी ऊन फार चढलं तशा बायका ओसरीवर सावलीत येऊन बसल्या. कांता पाटावर, अंगभर पिवळी, दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले. मी पाणी देत फिरत होते.

"बाई," ती म्हणाली. "ते पुस्तक आना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, "तुमी सोडवलेलं. माह्ये हात भरले आहेत. तुमीच वाचा. दुमडलं तिथून."

मी पुस्तक आणलं. इतक्या बायकांसमोर मी कधी वाचलं नाही. ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. जोडाक्षर आलं की अडखळत होते. मला वाटलं कांता आता शब्द सांगेल, तिला तर माझ्याआधी दिसत असेल. तिनं सांगितला नाही. मी जितका वेळ लावला तितका वेळ ती थांबली. बायका आधी कुजबुजत होत्या, मग गप्प झाल्या. कोणीतरी लेकराला उचलून मांडीवर घेतलं.

डोंगा भोवऱ्यात सापडतो तिथं मी थांबले. शकुबाईनं पाणी दिलं. पुढं वाचलं. ती पोचते तिथं कांतानं डोळे मिटले. गालावरच्या हळदीत पाण्याचे दोन ओघळ झाले, तिला पुसता येईना. मी पदरानं पुसायला गेले, तिनं मान हलवली, म्हणजे वाचा.

"मंग बाप भेटला का वं?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"नाई भेटत," कांता म्हणाली. पुस्तक न बघता. तिला ते कधीपासून माहीत असेल.

कंदिलाचं पान वाचून मी पुस्तक मिटलं. मग कांता म्हणाली, "कंदिलाचं परत एकदा वाचा." मी परत वाचलं.

उठताना ती गुरुजींना म्हणाली, "बाबा, नागपूरचं रुखवत येते तर येऊ द्या. पन नदी मधात ठेवा." गुरुजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनीही ऐकलं असावं सगळं.

२० मे

काल लग्न झालं. लिहायला वेळ नव्हता आणि आता झोप येते आहे, पण थोडं लिहिते.

नागपूरचा बंगला खरंच मोठा होता, आत दिवा लागायचा. त्याच्याशेजारी आमची पुस्तकं अन् झाड, आणि मध्ये नदी. मुलं बंगल्याकडे धावली. मोठी माणसं नदीपाशी थांबत होती. आशाबाई आली, वाकून बघितलं. "हे कोन केलं?"

मी म्हणाले, "घरीच केलं."

"आहे काय हे?"

तेवढ्यात शकुबाई पुढं आली आणि तिनं सगळी गोष्ट सांगून टाकली. बरीचशी चुकीची सांगितली. तिच्या सांगण्यात पुरातून वाघही आला. आशाबाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग मला म्हणाली, "तुमाले बरंच जमते." चांगलं म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

निघताना सगळं रुखवत मेटॅडोरमध्ये चढवलं. नदी चढवू दिली नाही कांतानं. जीपमध्ये बसली आणि परात मांडीवर घेतली. त्याआधी मला नमस्कार करायला वाकली तेव्हा परात तिच्या नवऱ्यानं धरली, दोन्ही हातांनी, घट्ट, जसं खरंच पाणी सांडेल.

गाडी गेल्यावर गुरुजी घरात आले आणि पेटी उघडून बसले. काही वाचलं नाही. एकेक पुस्तक काढून बघत होते.

२६ मे, रविवार

कांता आणि जावई आले, उद्या जाणार. घरात परत भांड्यांचा आवाज झाला.

जेवण झाल्यावर ती माझ्यापाशी चुलीजवळ येऊन बसली. मी विचारलंच, रुखवताचं काय झालं? म्हणाली, "समोरच्या खोलीत मांडलं होतं. चार दिवस सारा मोहल्ला येऊन पाहून गेला. मंग मुंग्या लागल्या. सासूबाई म्हने, आता खाऊन घ्या, नाईतर वाया जाईन."

"सारं खाल्लं?"

"सारं. नदीची खीर केली त्याईनं. निळी झाली. लेकरं पियाले तयारच नाई. पुस्तकं तं पोरायनं एका दुपारी संपवली, पान पान करून." ती बाहेर बसलेल्या जावयाकडे बघून थोडी हसली. "यायनं डोंगा घेतला हातात अन् विचारलं, हे काय आहे? मी गोष्ट सांगाले बसली. गोष्ट संपली तं पाह्यते, डोंगा खाऊन झाला होता."

मी विचारायला घाबरत होते, पण विचारलं. "अन् ती पोरगी?"

"ती मी खाल्ली." ती चुलीतल्या राखेकडे बघत होती. "सासूबाई तेलात टाकाले लागल्या तं मी म्हटलं, मले द्या, मी तळतो. तेलात टाकली तं फुगली, दुप्पट झाली. पांढरीशुभ्र. कोनाले नाई देल्ली. एकटीनं खाल्ली, परसात बसून."

मी हातातलं ताट घासत राहिले. मग म्हणाले, "कशी लागली?"

"मीठ कमी होतं, बाई. तू उकड चाखून नव्हती पाह्यली का?"

"नाई. तोंड चार वेळा मोडलं तिचं, त्याच्यात ध्यान नाई राह्यलं."

"पुढच्या वेळी चाखून पाहजो. तू कधीच चाखत नाई, मी पाह्यलं आहे. साऱ्यायले वाढते अन् मंग तुले समजते." मग तिनं माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि घासायला बसली. "तू बस तिकडं. दिवसभर उभी आहेस."

मी बसले. आशाबाई कशी आहे ते विचारलं, चामोर्शीचं पाणी कसं आहे ते विचारलं. ती भांडी घासता घासता सांगत होती. अजूनही बाईच म्हणते. म्हणू दे, तोंडात बसलेलं नाव असं लवकर सुटत नाही.

मिठाचं मात्र तिचं बरोबर आहे. उकडीला पाणी उकळतानाच मीठ घालून चव बघायला पाहिजे होती. आता लक्षात ठेवीन.